पहिल्यांदा हैदराबादला जाणाऱ्या नागपूरकरांसाठी: जुने शहर, बाजार आणि खाणे

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत चार दिवस कुठे जावे, असा विषय घरात निघाला की नागपुरात हैदराबादचे नाव हमखास येते, कारण रात्री बसमध्ये किंवा रेल्वेत बसावे आणि सकाळी तिथे उतरावे इतके ते जवळ आहे. तरीही जाऊन आलेल्या अनेक कुटुंबांशी बोलले, तर रामोजी फिल्म सिटी, हुसेन सागरातील बुद्धमूर्ती आणि चारमिनारसमोरचा एक फोटो, यापुढे आठवण सरकत नाही. टॅक्सीवाल्याने एका दिवसात आठ ठिकाणे दाखवायची आणि आपण प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे उतरायचे, या पद्धतीने हे शहर हाती लागत नाही. हैदराबाद समजून घ्यायचे असेल, तर एका दिवशी एकच वस्ती घ्यावी, तिथे पायी फिरावे आणि जो पदार्थ ज्या वेळेला तयार होतो त्याच वेळेला तो खावा. पुढील सर्व सूचना याच एका आग्रहातून लिहिल्या आहेत.

१. तिकीट काढण्यापूर्वी वार पाहा

सर्वांत जास्त निराशा वारांच्या गोंधळामुळे होते. सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा आणि पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालय ही तिन्ही ठिकाणे शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी दुपारच्या नमाजासाठी मक्का मशिदीच्या परिसरात मोठी गर्दी असते. म्हणजे जुन्या शहरासाठी शुक्रवार ठेवला, तर अर्ध्याहून अधिक दारे बंद मिळतात. याउलट रविवारी व्यापारी पेठेतील पुष्कळ दुकाने बंद असतात, पण बंद दुकानांसमोरच्या पदपथांवर आबिड्स भागात जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. शुक्रवार गोवळकोंड्यासाठी, रविवार आबिड्ससाठी आणि जुने शहर शनिवारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी, अशी मांडणी केली की सगळे जुळून येते.

हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात नामपल्लीच्या मैदानावर ‘नुमाइश’ हे मोठे औद्योगिक प्रदर्शन दरवर्षी भरते. मुलांना ते फार आवडते, मात्र त्या दिवसांत संध्याकाळी नामपल्लीच्या रस्त्यावरून गाडी काढणे कठीण होते. रमजानचा महिना वेगळ्याच कारणासाठी निवडावा: त्या महिन्यात जुन्या शहरातील बऱ्याच खाणावळी दिवसा बंद असतात, पण सूर्यास्तानंतर चारमिनारचा परिसर रात्रभर जागा असतो आणि खरा हलीम (गहू आणि मटण घोटून केलेला पदार्थ) तेव्हाच मिळतो.

२. कोणत्या स्टेशनवर उतरायचे ते नीट वाचा

नागपूर ते सिकंदराबाद वंदे भारत गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. ती पहाटे नागपूरहून निघून सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह, रामगुंडम, काजीपेठ या मार्गाने दुपारपर्यंत पोहोचवते. याशिवाय दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या आहेतच. येथे एक चूक वारंवार घडते. हैदराबादेत मोठी स्टेशने एकाहून अधिक आहेत: सिकंदराबाद, हैदराबाद डेक्कन (ज्याला सगळे नामपल्लीच म्हणतात), काचीगुडा आणि शहराच्या पूर्व टोकाला असलेले चर्लापल्ली. चर्लापल्लीहून जुन्या शहरात यायला बराच वेळ आणि ऑटोचे चांगलेच पैसे लागतात. त्यामुळे तिकिटावर ‘हैदराबाद’ असा ढोबळ अर्थ न लावता स्टेशनाचे नाव पाहावे आणि त्यानुसारच हॉटेल ठरवावे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ आहे: बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, पांढरकवडा, मग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी. अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. गाडी घेऊन गेलात, तरी ती हॉटेलच्या वाहनतळातच राहू द्यावी. चारमिनारभोवती वाहनांना मज्जाव आहे आणि आसपासच्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते.

३. मुक्काम आणि शहरातील प्रवास

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मेट्रोच्या हिरव्या किंवा लाल मार्गाजवळ मुक्काम करावा, म्हणजे सिकंदराबाद, नारायणगुडा, आबिड्स किंवा नामपल्ली. हायटेक सिटीकडील हॉटेले चकचकीत असली, तरी तिथून चारमिनारला येऊन परत जाण्यातच उत्साह संपतो. हिरव्या मार्गाने सिकंदराबाद वेस्ट येथून थेट सुलतान बाजार आणि महात्मा गांधी बस स्थानक गाठता येते. जुन्या शहरात मेट्रो अद्याप गेलेली नाही. बस स्थानकापासून चारमिनार साधारण दोन किलोमीटरवर आहे, आणि हे दोन किलोमीटर पायी चालण्याजोगेच आहेत.

बसमध्ये बसणाऱ्या महिलांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तेलंगणातील महिलांना राज्य परिवहनाच्या ठरावीक बसगाड्यांत मोफत प्रवास आहे, पण तो तेथील रहिवाशांपुरताच आहे. नागपूरचा पत्ता असलेले आधार कार्ड दाखवून तो मिळत नाही, त्यामुळे तिकीट मागून घ्यावे.

सोबत ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत:

- प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र. हॉटेलात सर्व प्रौढांचे मागतात, फक्त कुटुंबप्रमुखाचे चालत नाही.
- परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक सोबत असतील, तर त्यांचे पारपत्र. त्यांचे प्रवेश शुल्क वेगळे आणि बरेच जास्त असते.
- तिकिटांसाठी यूपीआय, आणि छोट्या दुकानांसाठी सुटे पैसे.
- सहज काढता-घालता येतील अशा चपला, डोके झाकायला ओढणी किंवा रुमाल, पाण्याची बाटली.
- खरेदीसाठी कापडी पिशवी, तसेच घरातील स्त्रियांच्या बांगड्यांची मापे एका कागदावर लिहून.

४. जुने शहर: नयापुलापासून चौमहल्ल्यापर्यंत

या दिवसाची सुरुवात चारमिनारपासून न करता मुशी नदीवरील नयापुलापासून करावी, कारण शहराची रचना तिथून उलगडत जाते. नदीच्या एका काठावर उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत आणि दुसऱ्या काठावर उच्च न्यायालयाची इमारत दिसते. आज नदी बारीक दिसते, पण सप्टेंबर १९०८ मध्ये याच मुशीच्या पुराने हजारो माणसे नेली. रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक झाड आहे, ज्याच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसे वाचल्याचे सांगतात. त्या पुरानंतरच उस्मान सागर आणि हिमायत सागर हे तलाव बांधले गेले आणि नदीकाठचे रस्ते व इमारती नव्याने आखल्या गेल्या.

पुलापलीकडे डाव्या हाताला गेल्यास सालारजंग संग्रहालय लागते. ते पूर्ण पाहायला दिवस पुरणार नाही, म्हणून लहान मुले किंवा वयस्क मंडळी सोबत असतील, तर तीन गोष्टी ठरवून पाहाव्यात: बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची बुरख्यातील रिबेका, फाउस्टच्या जर्मन कथेतील सैतान मेफिस्टोफेलिस एका बाजूने आणि नायिका मार्गारेटा दुसऱ्या बाजूने दिसणारा लाकडी पुतळा, आणि तास वाजवणारे घड्याळ. संगमरवराचा बुरखा इतका पातळ कसा कोरला असेल, हे पाहताना माणसे आपोआप गप्प होतात. घड्याळाजवळ तास भरण्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे, नाहीतर समोर फक्त पाठी दिसतात.

मग मदिना चौकातून पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालून दक्षिणेकडे चालत राहावे. डावी-उजवीकडे मोत्यांची आणि कपड्यांची दुकाने आहेत. येथेच थोडे आत बादशाही आशूरखाना, म्हणजे मोहरमच्या शोकसभांची जागा आहे. १७व्या शतकाच्या सुरुवातीच्या मिनाकारी फरशांच्या भिंती तेथे आहेत आणि पर्यटक जवळजवळ नसतात. प्रार्थनेची जागा असल्यामुळे विचारून आणि शांतपणे आत जावे. पुढे चार कमान येतात आणि त्यांच्या मधोमध गुलजार हौज. चार दिशांना चार कमानी, मध्ये पाण्याचा हौद आणि समोर चारमिनार, ही आखणी या जागी उभे राहिल्यावरच कळते. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये गोवळकोंड्याबाहेर हे नवे शहर वसवले, तेव्हा चारमिनार हा त्याचा मध्यबिंदू होता.

चारमिनारवर चढायचे असेल, तर तिकीट घेऊन सकाळी लवकर चढावे. जिना अरुंद, अंधारा आणि उंच पायऱ्यांचा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तो टाळावा आणि तोवर खाली चहा घ्यावा. शेजारच्या मक्का मशिदीचे काम १७व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले आणि औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये ते पूर्ण झाले. आत जाताना पाय झाकलेले असावेत, खांदे उघडे नसावेत. मशिदीच्या आवारात स्वतःहून सोबत येऊन माहिती सांगणारे आणि शेवटी मोठी रक्कम मागणारे भेटतात, त्यांना सुरुवातीलाच नम्रपणे नकार द्यावा.

लाड बाजारातून पश्चिमेला निघाले की महबूब चौकातील घड्याळाचा मनोरा येतो, आणि तिथून चौमहल्ला राजवाडा जवळ आहे. दुपारचे ऊन याच राजवाड्यात काढावे. खिलवत दरबारातील झुंबरे, मागच्या बाजूच्या जुन्या मोटारी आणि निजामांची छायाचित्रे पाहण्यात दोन तास सहज जातात, शिवाय बागेत बसायला सावली आहे.

५. बांगड्या आणि मोती घेताना

लाड बाजारात पहिल्या दुकानात खरेदी करू नये. आधी एखाद्या कारागिराच्या दुकानाच्या मागच्या बाजूला लाखेची बांगडी होताना पाहण्याची परवानगी मागावी, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. कोळशाच्या मंद शेगडीवर लाखेचा गोळा मऊ करतात, रंग मिसळून ती ओढून लांब दोरीसारखी करतात, धातूच्या कड्यावर बसवून गोल फिरवतात आणि लाख गरम असेपर्यंत चिमट्याने एकेक खडा दाबून बसवतात. खडा गरम लाखेत रुतलेला असेल, तर नखाने ढकलून हलत नाही, आणि वरून नुसता चिकटवलेला असेल, तर लगेच हलतो. घेण्यापूर्वी हीच परीक्षा करावी. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच गल्लीत शेजारी-शेजारी प्लास्टिकच्या आणि काचेच्या स्वस्त बांगड्याही त्याच थाटात मांडलेल्या असतात.

माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे सांगावे लागते. लाखेचे कडे ताणले जात नाही, त्यामुळे अंदाजाने घेऊ नये. आणखी एक सूचना खास आपल्या उन्हाळ्यासाठी: या बांगड्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नयेत. लाख मऊ पडते आणि खडे सैल होतात.

मोत्यांचा व्यापार हैदराबादेत मोठा आहे, पण मोती तेथे पिकत नाहीत. ते बाहेरून येतात, आणि भोके पाडणे, निवडणे व ओवणे हे काम येथे होते. आज दुकानांत दिसणारे बहुतेक मोती गोड्या पाण्यातील संवर्धित मोती आहेत. त्यात वाईट काही नाही, फक्त दर त्यानुसार असावा. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले, तर खऱ्या मोत्यांत किंचित खरखर जाणवते आणि काचेचे गुळगुळीत सरकतात. चांगल्या माळेत प्रत्येक मोत्यानंतर गाठ असते. पत्थरगट्टीतील जुन्या दुकानातून पक्के बिल घेऊनच मोती घ्यावेत. ऑटोवाल्याने ‘माझ्या ओळखीच्या’ म्हणून नेलेल्या दुकानातून घेऊ नयेत, कारण त्याची दलाली आपल्याच बिलात असते. घासाघीस बांगड्यांत जरूर करावी, बिल देणाऱ्या सराफाकडे ती फारशी चालत नाही.

६. काय, कधी आणि कुठे खावे

सावजीच्या तिखटावर वाढलेल्या जिभेला हैदराबादी बिर्याणी पहिल्या घासाला सौम्य वाटते, आणि म्हणून काही जण निराश होतात. ही बिर्याणी कच्च्या पद्धतीची असते: दही-मसाल्यात मुरवलेले कच्चे मटण तळाशी, त्यावर अर्धवट शिजलेला भात, आणि झाकण कणकेने बंद करून दम. त्यामुळे चव तळाशी असते. ताट समोर आल्यावर वरचा पांढरा-केशरी भात आधी खाऊन टाकू नये, चमचा खालपर्यंत नेऊन भात आणि मटण एकत्र घ्यावे, आणि मिरची का सालन (मिरच्यांचा रस्सा) थोडे-थोडे ओतावे. एक ताट दोन माणसांना साधारणपणे पुरते. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास नुकते उघडलेले हंडे असतात, तेव्हा खाल्लेली बिर्याणी आणि रात्री अकराला खाल्लेली बिर्याणी यांत फरक पडतो. आरटीसी क्रॉस रोड्स, मदिना चौक आणि घांसी बाजार या भागांत जुनी हॉटेले आहेत.

सकाळ मात्र बिर्याणीची नाही. जुन्या शहरात सकाळी नहारी (मंद आचेवर शिजवलेला मटणाचा रस्सा) आणि पाया (बकऱ्याच्या पायांचा रस्सा) खातात, सोबत पुरानी हवेली भागातील भट्ट्यांवरचे चौकोनी नान. घरगुती न्याहारीत खिचडी, खिमा आणि चिंचेचे आंबट ‘खट्टा’ असते, काही हॉटेलांत ती मिळते. शाकाहारी मंडळींनी गुलजार हौजाजवळच्या गल्लीत सकाळी गाडीवर मिळणारा भरपूर लोण्याचा डोसा चुकवू नये. दहानंतर तिथे काही उरत नाही. इतर वस्त्यांत ‘टिफिन सेंटर’ अशा पाट्या दिसतात, तिथे इडली, पेसरट्टू (मुगाचा डोसा) आणि उपमा मिळतो.

पूर्ण शाकाहारी कुटुंबांना हैदराबाद अवघड जाईल, ही भीती निराधार आहे. बगारा बैंगन, खट्टी दाळ आणि बगारा भात हे मूळचे हैदराबादी पदार्थ आहेत, आणि तेलुगू पद्धतीच्या खाणावळीतील ताटात पप्पू (वरण), पुलुसु (चिंचेचा आंबट रस्सा), अंबाडीच्या भाजीची गोंगुरा चटणी आणि वर तूप असे पोटभर जेवण असते. आपल्याकडे अंबाडीची भाजी घरोघरी होते, त्यामुळे गोंगुरा विदर्भातील माणसाला लगेच आवडते. मिश्र हॉटेलात शाकाहारी बिर्याणी मागवताना ती वेगळ्या भांड्यात शिजते का, हे स्पष्ट विचारावे.

दुपारी चारनंतर इराणी हॉटेलात बसावे. चहाचा अर्क एका झाकलेल्या भांड्यात तासन्‌तास मंद आचेवर मुरत असतो, आणि आटवलेले दूध दुसऱ्या भांड्यात असते. कपात आधी दूध, मग अर्क, आणि सोबत किंचित खारट, तोंडात विरघळणारे उस्मानिया बिस्कीट. चारमिनारशेजारच्या इराणी हॉटेलात उभ्याने प्यावे लागते, पण तिथला चहा आणि समोरचा मिनार यांची जोड दुसरीकडे मिळत नाही. गोडात जर्दाळूंचा खुबानी का मीठा आणि पावाचा डबल का मीठा आहेतच. माझे मत विचाराल तर खुबानी का मीठा निवडावा, वरून साय घालून.

हलीम गहू, मटण आणि तूप यांचा बनतो. विटांच्या भट्टीत बसवलेल्या हंड्यात तो तासन्‌तास लाकडी दांड्याने घोटतात. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रमजानाशिवायही काही ठिकाणी तो मिळतो, पण त्यासाठी वाट वाकडी करू नये.

७. कोठी, सुलतान बाजार, बेगम बाजार

मराठी माणसाला या भागात वेगळीच आपुलकी वाटते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे शिक्षण, नोकरी आणि वकिलीसाठी आलेली मराठी कुटुंबे सुलतान बाजार, काचीगुडा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था जामबागेत आजही चालू आहे.

सुलतान बाजार मेट्रो स्थानकावर उतरून बाजारातून कोठीकडे, तिथून मोअज्जम जाही मार्केटकडे चालत जावे. १९३५ चे हे दगडी मार्केट आता नीट स्वच्छ केले आहे, आणि तिथल्या जुन्या दुकानांतील फळांचे हाताने घोटलेले आइस्क्रीम हंगामानुसार बदलते. सीताफळाच्या दिवसांत गेलात, तर सीताफळाचेच मागावे.

बेगम बाजार म्हणजे त्यांची इतवारी: भांडी, सुका मेवा, मसाले, सगळे ठोक. किरकोळ गिऱ्हाईकालाही माल देतात, पण सकाळी अकरा ते एक या वेळेत हमालांच्या गाड्यांमधून वाट काढावी लागते. लहान मुले सोबत असतील, तर हा बाजार वगळावा.

८. गोवळकोंडा

दुपारी तीनच्या सुमारास पोहोचावे, म्हणजे ऊन उतरताना चढण होते. सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. पाणी खालीच घ्यावे. प्रवेशदाराच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारापर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यापर्यंत ऐकू येते, हे दोन गट करून स्वतः पडताळून पाहावे. मुलांना यात खूप मजा येते.

आपल्यासाठी या ठिकाणाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज भागानगरात, म्हणजे याच हैदराबादेत आले आणि त्यांनी अबुल हसन कुतुबशहाची भेट घेतली. त्या वेळी दरबाराचा कारभार मादण्णा आणि आकण्णा या बंधूंच्या हाती होता. दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला घेतला. हा क्रम मुलांना चढण्याआधी सांगून ठेवावा, मग वरच्या दरबाराच्या भिंती त्यांना नुसत्या भिंती वाटत नाहीत. जवळच असलेल्या कुतुबशाही कबरींसाठी वेगळी सकाळ ठेवावी. दोन्ही एकाच दुपारी उरकू नयेत.

९. शेवटची सकाळ सिकंदराबादेत

परतीची वंदे भारत सिकंदराबादहून दुपारी सुटते, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते. साड्या घ्यायच्या असतील, तर जनरल बाजार जवळ आहे. पोचमपल्ली इकत, गडवाल आणि आपल्या आजींच्या ओळखीची नारायणपेठ या तिन्ही तेलंगणातच विणल्या जातात. इकतमध्ये सूत विणण्याआधीच बांधून रंगवलेले असते, म्हणून नक्षीच्या कडा किंचित पुसट दिसतात आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी उमटते. एका बाजूने फिकी दिसली, तर ती छापील आहे. एखादा दिवस जास्तीचा असेल, तर सुमारे पन्नास किलोमीटरवरील पोचमपल्लीलाच जावे. पवनारहून पायी आलेल्या विनोबांना १९५१ मध्ये भूदानाची पहिली जमीन तिथेच मिळाली, आणि विणकरांच्या घरी माग चालताना पाहता येतो.

उस्मानिया बिस्किटे याच सकाळी ताजी घ्यावीत आणि पिशवीत सर्वांत वर ठेवावीत. बांगड्यांचे खोके हातातल्या पिशवीत असू द्यावे, सीटखाली सरकवू नये. सिकंदराबाद स्टेशनाला दोन्ही बाजूंनी प्रवेश आहे, म्हणून ऑटोत बसण्यापूर्वी फलाट क्रमांक पाहून कोणत्या बाजूला उतरायचे ते सांगावे.